सिग्नलची सावली

"अप्पा, ऐकू येतंय का? तुमचा चेहरा परत गोठला."

पडद्यावर अप्पांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. कपाळाचे दोन चौकोन घसरून गालावर आले होते आणि खांद्याखालचा सगळा भाग नुसता राखाडी धूसर होता. नागपुरातल्या नवव्या मजल्यावरच्या खोलीत केतकीने सवयीने घड्याळाकडे पाहिलं. सात सेकंदांनी पुण्याहून आवाज आला.

"ऐकू येतंय. तुला दिसायला काय हवंय? आहे तोच चेहरा आहे."

"राउटर कुठे आहे आणि तुम्ही कुठे बसलाय?"

"तो आहे तिथं आहे, मी आहे तिथं आहे."

"मग जरा त्याच्याजवळ बसा ना."

"का? त्याला थंडी वाजतेय?"

केतकीला हसू आलं, पण तेवढ्यात चित्र पुन्हा थांबलं आणि हसू वाया गेलं. मग तिने तेच सांगितलं, जे ती दोन वर्षं सांगत होती. "हे नेट असं नसतं ना अप्पा, तर मी कधीच तिकडे येऊन राहिले असते. माझं काम घरूनच असतं. पण अशा नेटवर काम कसं करणार?"

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले. हे मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं.

लोकांच्या घरचं संथ इंटरनेट दुरुस्त करणं हेच केतकी करडेचं काम होतं. एका कंपनीच्या तक्रार विभागात ती आठ वर्षं होती. सिग्नल कुठे मरतो हे तिला माणसाच्या चार वाक्यांवरून कळायचं. राउटर फ्रिजवर ठेवलेला असायचा. मध्ये माशांची मोठी टाकी असायची, नाहीतर लोखंडी कपाट. एका बाईंनी राउटर देवघरात ठेवून पुढे चांदीचा पत्रा ठोकला होता. साताऱ्याच्या एका गृहस्थांनी धूळ बसू नये म्हणून तो स्टीलच्या डब्यात घालून वर झाकण लावलं होतं. दोष सापडला की तक्रार बंद करायची आणि यादीतलं एक कारण निवडायचं. एकवीस कारणांची यादी होती. आठ वर्षांत यादीबाहेरचं कारण कधी लागलं नव्हतं.

स्वतःच्या वडिलांची तक्रार तेवढी बंद होत नव्हती. आणि अप्पांनी तशी तक्रार कधी केलीही नव्हती.

अप्पांच्या घरी साधा राउटर नव्हता, 'सोबत' होता. धायरीतल्या त्यांच्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाकडे तोच असणं सक्तीचं होतं. दोन वर्षांपूर्वी बी विंगमधल्या एका आजींनी गॅस उघडा ठेवला, दोन मजल्यांच्या काचा फुटल्या आणि विमा कंपनीने अटी बदलल्या. सर्वसाधारण सभेत ठराव आला, तेव्हा विरोधात एकच हात वर गेला होता. मुकुंद करडे, तांबट, वय बहात्तर.

'सोबत'चं तत्त्व नवीन नव्हतं. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओच्या लहरी. त्या भिंतींवर, फरशीवर, माणसांवर आपटून खोलीभर फिरतात. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी. माणूस हलला की लहरींची वाट बदलते. नुसता श्वास घेतला तरी छाती काही मिलिमीटर पुढेमागे होते आणि परत येणाऱ्या लहरींवर तेवढीच सुरकुती उमटते. जुने राउटर या सुरकुत्या गोंगाट समजून फेकून द्यायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की त्या गोंगाटातच माणूस आहे. ना कॅमेरा, ना माइक, ना अंगावर बांधायचं काही. नुसत्या इंटरनेटवरून यंत्राला कळू लागलं, की म्हातारा खुर्चीतून उठायला किती वेळ घेतो, रात्री किती वेळा उठतो, पाऊल किती आखूड पडतं, हात स्वस्थ असताना थरथरतो का आणि सेकंदाला किती वेळा. या सगळ्याचा मिळून शंभरांपैकी एक आकडा निघायचा, स्वावलंबन-गुण. तो पंचावन्नच्या खाली गेला, की तीस दिवसांत घरात पूर्णवेळ माणूस ठेवायचा, कुटुंबातल्या कुणी येऊन राहायचं, नाहीतर ज्येष्ठाने योग्य त्या ठिकाणी जायचं. ठरावात शब्द होते 'योग्य त्या ठिकाणी'.

अप्पांचे गुण चौऱ्याहत्तर होते आणि दोन वर्षं चौऱ्याहत्तरच होते. शेजारी बारीक अक्षरांत शेरा असायचा, 'अपुरी माहिती'. केतकीने तो शेरा अनेकदा वाचला होता. तिच्या दृष्टीने तो सिग्नलचा दोष होता. यंत्राला अप्पा नीट दिसत नाहीत, उद्या खरंच पडले तर त्याला कळणार कसं? या विचाराने तिला कधीकधी झोप लागत नसे.

शेवटी तिने दोन दिवसांची रजा काढली आणि पुण्याला गेली.

दार उघडताना अप्पांच्या डाव्या हातात घडवलेला लोटा होता. चहा करतानाही तो हातात होता.

"खाली ठेवा की तो."

"ठोके राहिलेत थोडे. बघतोय कुठं ते."

केतकीने लोट्याकडे पाहिलं नाही. ती फोनवरचा नकाशा बघत होती. फोन हातात धरून खोल्यांमधून फिरलं की सिग्नल जिथे चांगला तिथे हिरवा रंग भरत जायचा. बाहेरची खोली हिरवी, झोपायची खोली पिवळी. स्वयंपाकघराच्या अलीकडच्या कोपऱ्यात मात्र काळा डाग होता. डागाची कड इतकी सरळ, की जणू कुणी पट्टी लावून आखली होती.

कोपऱ्यात तांब्याची भिंत होती. तांबट आळीतलं दुकान बंद केलं तेव्हा अप्पांनी जे विकलं नाही ते सगळं तिथे होतं. खाली दोन घंगाळी, त्यावर हंडे, हंड्यांच्या फटी झाकणाऱ्या पराती आणि मागे उभा केलेला न घडवलेला पत्रा. भिंतीपलीकडे अप्पांचा बसायचा पाट, लाकडी ठोकळा, हातोड्या. आणि फोन टेकवायला एक वीट.

"तुम्ही इथून बोलता माझ्याशी?"

"बोलतो."

"अहो अप्पा, तांब्यातून लहर जात नाही! अख्ख्या जगात हे सांगून पैसे मिळवते मी, आणि माझ्याच घरात..." ती हसली. "तुम्ही स्वतःभोवती पिंजरा बांधलाय."

"काम करतो मी तिथं. हलवू नकोस काही."

"काम बाहेरच्या खोलीत करा. उजेडही चांगला आहे."

"ठोक्यांचा त्रास होतो खालच्यांना."

"मग इथे होत नाही?"

"केतके, राहू दे गं ते," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. केतकीला वाटलं, दुकानाची आठवण. लहानपणी ती कानात कापूस घालून अभ्यास करायची. सकाळी आठपासून तांब्यावर हातोडी पडायची आणि तोंडाने काही सांगायचं तर ओरडावं लागायचं. त्यामुळे त्या घरात कुणी फारसं काही सांगतच नसे. अप्पांना त्या भांड्यांचा एवढा लळा असावा, याचा तिला थोडा रागच आला.

तिने भांडी एकेक करून माळ्यावर चढवली. पत्रा गॅलरीत ठेवला. स्वयंपाकघराच्या दारावर जोडीचा छोटा राउटर लावला, सिग्नलची वाहिनी बदलली, पुन्हा सगळीकडे फिरली. घर शेवटच्या फरशीपर्यंत हिरवं झालं होतं.

"चारशे चाळीस!" ती म्हणाली. "माझ्या घरी नाही एवढा वेग."

अप्पा खुर्चीत बसले होते. डावा हात मांडीखाली होता.

"मग आता तुझं काम होईल की इथून," ते म्हणाले.

ते हे इतक्या सहज म्हणाले, की केतकीला उत्तर तयार करायला वेळच मिळाला नाही. "हो... म्हणजे होईल. ऑफिसला विचारावं लागेल. बघते."

"बघ, बघ. घाई नाही."

ऑफिसला विचारायचं काहीच नव्हतं. हे तिला प्रवासात आठवलं आणि नागपूर येईपर्यंत तिने ते विसरायचं ठरवलं. नववा मजला, एक खोली, सकाळी स्वतःच्या चहाच्या भांड्याशिवाय कसलाच आवाज नाही. हे मिळवायला तिला चाळीस वर्षं लागली होती.

एकोणिसाव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दिघे यांचा फोन आला.

"केतकीताई, तुम्ही नेट दुरुस्त करून गेलात ते उत्तम केलंत. अहो, दोन वर्षं मुकुंदरावांची माहितीच मिळत नव्हती. आता स्वच्छ मिळतेय."

"हो का? चांगलं झालं."

"चांगलं म्हणजे... गुण अठ्ठेचाळीस आलेत."

केतकीने नोटीस उघडली. पाऊल आखूड. खुर्चीतून उठायला सरासरी अकरा सेकंद. डाव्या हाताला स्वस्थ असताना कंप, सेकंदाला पाच वेळा. खाली आलेख होता. आलेख इतका सुरेख होता, की असा स्वच्छ सिग्नल तिने आठ वर्षांत पाहिला नव्हता.

तिने लगेच अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. चित्र लख्ख आलं. अप्पांच्या भुवईतला पांढरा केस दिसत होता. आणि टेबलावर डावा हात दिसत होता, जो आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. अंगठा तर्जनीवर जपाचे मणी ओढावेत तसा फिरत होता.

"कधीपासून?"

"झाली असतील तीनेक वर्षं."

"डॉक्टर?"

"गोळ्या चालू आहेत. हातात काही धरलं की थांबतो." त्यांनी पेला उचलून दाखवला. हात स्थिर झाला. "बघ."

ती त्याच दिवशी निघाली. घरी पोचली तेव्हा अप्पांचे जुने सोबती बबनराव पोतफोडे आलेले होते. आळीत त्यांचं दुकान समोरच होतं. अप्पा आत आडवे झाले होते. केतकीने चपला काढायच्या आत बबनराव म्हणाले, "आलीस का? ये. अजून कुठे काही अंधार राहिलाय का बघ घरात, तो पण घालवून टाक."

"बबनकाका, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? त्यानं केलंच होतं कुणाला कळू नये म्हणून. दोन महिने लागले पोरी त्याला ते बांधायला. शाळा सातवी! रेडिओ काय, लहर काय, शष्प कळत नाही. परात सरकवायची, पाटावर बसायचं आणि फोन बघायचा, त्यात माणूस दिसतोय का. हंडा फिरवायचा, परत बसायचं. मी इथं राउटरपाशी उभा, ओरडून सांगायला. एक दिवस फोनवर आलं, 'घरात कुणी नाही'. मुकुंदा पाटावर बसून पोरासारखा हसला. मला म्हणतो, बबन्या, आयुष्यभर लोकांच्या पाण्यासाठी भांडी केली, स्वतःच्या उपयोगाचं हे पहिलंच."

केतकी दारातच उभी होती.

"पण माझ्याशी तिथे बसून का बोलायचे? मी सांगायचे ना, चित्र तुटतंय."

बबनरावांनी तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "तुटायलाच हवं होतं की त्याला. नीट दिसलं असतं तर हात दिसला असता. मी म्हणालो होतो, अरे सांग पोरीला, नेट बरं कर, ती येऊन राहीन म्हणतेय. तर म्हणाला, ती येणार नाही रे. निदान येता येत नाही असं तरी वाटू दे तिला."

आत अप्पा खोकले. बबनराव उठले, टोपी घातली आणि तिच्याकडे न बघता गेले.

तिने माळ्यावरून सगळं उतरवलं. आधी कसं होतं ते तिच्या लक्षात नव्हतं. कुठला हंडा वर, कुठली परात तिरकी, हे बघायची गरज तिला तेव्हा वाटली नव्हती. अप्पांनी खुर्चीत बसून एकदोनदा बोटाने दाखवलं, मग सोडून दिलं. तिने जोडीचा राउटर काढला, 'सोबत' मुळापासून पुसून नव्याने चालू केला. पण पुसायचं ते तिथे नव्हतंच. अप्पांची चाल, श्वास, कंप, सगळं कंपनीकडे जमा झालं होतं. यंत्र आता त्यांना ओळखत होतं. संध्याकाळी फोनवर संदेश आला, 'सिग्नलमध्ये हेतुपुरस्सर अडथळा. गुण : एकोणचाळीस.'

"राहू दे," अप्पा म्हणाले. "पत्रा वाकेल उगाच."

आठवडाभर तिने पूर्णवेळ माणूस शोधला. एक बाई आल्या, दोन दिवस राहिल्या आणि हातोडीचा आवाज सहन होत नाही म्हणून गेल्या. दुसरे एक गृहस्थ अप्पांनीच घालवले, कारण ते अप्पांना 'आजोबा, शू करायची का' असं विचारत होते. तिसरं कुणी तीस दिवसांत मिळणार नव्हतं.

दिघे अर्ज घेऊन आले तेव्हा दुपार होती. भला माणूस होता तो, सारखा घाम पुसत होता. अर्जात फक्त चार रकाने होते. ज्येष्ठाचं नाव. सेवकाची व्यवस्था : नाही. मग तिसरा, 'कुटुंबातील व्यक्ती सोबत राहणार का?' त्याखाली बारीक अक्षरांत सूचना होती, की महिन्यातून किमान वीस रात्री घरात दुसरा श्वास नोंदला गेला पाहिजे. म्हणजे खोटं लिहून चालणार नव्हतं. चौथा रकाना, 'नसल्यास कारण'.

अप्पा समोर बसले होते. हात टेबलावर होता, आपला आपण हलत.

केतकी पेन धरून बसली. ती एका शब्दाने हे सगळं थांबवू शकत होती. तिसऱ्या रकान्यात 'हो'. नागपूरची खोली सोडायची, पुढच्या आठवड्यात सामान आणायचं, बाहेरच्या खोलीत टेबल मांडायचं. सकाळी आठला हातोडी. मग गोळ्या, मग हात धरून न्हाणीघर, मग भरवणं. पाच वर्षं, दहा वर्षं. तिने मनातल्या मनात ते सगळं पाहिलं, अगदी स्वच्छ. आणि तिला अप्पांची दया येण्याआधी स्वतःच्या खोलीतली शांतता आठवली.

तिने 'नाही' लिहिलं. कारणाच्या रकान्यावर पेन थांबलं. दोन वर्षं जे कारण होतं, ते तिने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलं होतं. शेवटी तिने लिहिलं, 'नोकरीचे स्वरूप'.

दिघ्यांनी अर्ज वाचला. "पण केतकीताई, तुमचं तर घरून काम असतं ना? मुकुंदरावच सांगत होते मागे."

केतकी पेनाला टोपण लावू लागली.

"ते बंद झालं आता," अप्पा म्हणाले. "तिची कंपनी सोडत नाही हो तिला तिथून. फार मोठी कंपनी आहे. तिच्यावाचून अडतं त्यांचं." आणि त्यांनी अर्ज स्वतःकडे ओढला. उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट घट्ट दाबून धरलं, मग तसंच सोडलं आणि सही केली.

तळेगावच्या पुढे ते निवासस्थान होतं. खोली मोठी, खिडकीतून डोंगर. तांबं आणायला परवानगी नव्हती, आवाजामुळे. प्रत्येक खोलीत 'सोबत'चा नवा नमुना छताला बसवलेला होता. तिथलं नेट उत्तम होतं.

अप्पा तिथे सात महिने राहिले. केतकी रोज संध्याकाळी सातला कॉल लावायची. एकही कॉल तुटला नाही. आवाज शेजारी बसल्यासारखा यायचा. पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं, की आधी त्यांचं निम्मं बोलणं 'ऐकू येतंय का', 'जरा सरकून बसा', 'परत लावते' एवढंच असायचं. ते गेल्यावर जे उरलं ते दोन मिनिटांत संपायचं. जेवलात का. हो. गोळ्या घेतल्या का. हो. मग ते दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. ती हाताकडे बघायची नाही, आणि ती बघत नाही हे अप्पांना दिसायचं.

दिवाळीच्या आसपास अप्पांनीच वाट काढली. दोन मिनिटं झाली की ते कपाळाला आठी घालायचे, फोन कानाशी नेऊन हलवायचे.

"तुझा आवाज तुटतोय गं," म्हणायचे. "नेट गेलेलं दिसतंय. ठेवू का?"

तिच्या पडद्यावर सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या असायच्या. त्यांच्या बुबुळात खोलीतल्या दिव्याचा उजेड दिसायचा.

अप्पा वारले त्याच्या आदल्या संध्याकाळीही त्यांनी तेच विचारलं.

"हो अप्पा," केतकी म्हणाली. "तुटतोय. ठेवा."